तर्री अलग सांगा

पत्र

ताई, डिसेंबरच्या मध्यात आम्ही चौघं पहिल्यांदाच नागपूरला येतोय. ह्यांच्या मित्राच्या मुलीचं लग्न आहे. मुक्काम तीन दिवस, हॉटेल रामदासपेठेत. एक दिवस लग्नात जाईल, दोन दिवस आमचे. ह्यांना मटण म्हणजे जीव की प्राण, पण पित्ताचा त्रास आहे. सासूबाई ७४ वर्षांच्या, शुद्ध शाकाहारी, मऊ लागतं, तिखट अजिबात चालत नाही. मुलगा १० वर्षांचा, त्याला सगळंच पाहिजे. मोबाइलवर व्हिडिओ बघून ह्यांनी ३८ ठिकाणांची यादी केली आहे. मला मात्र तो लालभडक रस्सा पडद्यावर बघूनच धडकी भरते. सावजी खाल्लं नाही तर नागपूर पाहिलंच नाही, असं जो तो सांगतो. खरंच तसं आहे का? कुठं खावं, काय प्यावं, काय टाळावं?
— एक सून, चिपळूण

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा डोळ्यापुढे आल्या त्या तुमच्या सासूबाई. ३८ ठिकाणांच्या त्या यादीत त्यांच्यासाठी बहुतेक एकही जागा नसणार. नागपूरच्या खाण्याचे व्हिडिओ सगळे तर्रीचे, म्हणजे रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तिखट तेलाचे असतात. घाम पुसणारा माणूस, लाल तेलाचा थर आणि वरून ओतलेला आणखी एक पळा. माझं माहेर महालातलं आणि सासर धरमपेठेतलं. जन्म या शहरात गेला, तरी आमच्या घरी पाहुण्याला घाम फुटला म्हणून कुणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही. पाहुण्याच्या ताटातली तर्री बाजूला काढून वाटीत ठेवायची, ही आमच्याकडची रीत. तुम्हीही प्रत्येक ठिकाणी तेच सांगायचं: "भाऊ, तर्री अलग द्या बरं." इतकं म्हटलं की निम्मी काळजी मिटली. कुणी हसणार नाही, कुणाला वाईटही वाटणार नाही.

सकाळपासून सुरुवात करते, कारण नागपूर सकाळी सगळ्यात चांगलं खातं. डिसेंबरात इथं चांगलीच थंडी असते, तेव्हा सासूबाईंची शाल आणि मुलाची कानटोपी विसरू नका. रामदासपेठेतून बर्डीला या. सीताबर्डीला आम्ही नुसतं बर्डी म्हणतो, रिक्षावाल्यालाही तेच सांगा. तिथून मेट्रोच्या ऑरेंज लाइननं कस्तूरचंद पार्कला उतरा. त्या मैदानाजवळची पोह्यांची टपरी सगळ्या शहराला 'केपी की टपरी' म्हणून माहीत आहे. तर्री पोहे म्हणजे साधे पिवळे पोहे आणि त्यावर काळ्या हरभऱ्याचा झणझणीत पातळ रस्सा, ज्याला आम्ही चना म्हणतो. वरून कच्चा कांदा, लिंबू, शेव. तुमच्याकडे पोह्यावर ओलं खोबरं पडतं, तिथं आमच्याकडे चना पडतो, एवढाच फरक समजा. पोहे स्वतः तिखट नसतात. सासूबाईंना कोरे पोहे, लिंबू पिळून. मुलाला पोहे आणि बाजूला दोन चमचे चना. ह्यांना काय हवं ते, पण रिकाम्या पोटी पित्तवाल्यानं नुसती तर्री ओरपू नये.

केपीपर्यंत जाणं जमलं नाही तर जीव जाळू नका. नागपुरात चौकाचौकात पोह्यांचा ठेला आहे आणि सकाळी जिथं ऑफिसला निघालेली माणसं उभ्यानं खात असतात, तिथले पोहे ताजेच असतात. गर्दी ओसरल्यावर, अकरानंतर मात्र पोहे खाऊ नका. ते कोरडे पडलेले असतात आणि त्यांना ओलावा द्यायला वरून भरमसाट चना ओतला जातो.

आता सावजी. इथं थोडं थांबते, कारण ज्याची भीती तुम्हाला वाटते ते सावजी नाहीच.

सावजी हे हलबा कोष्टी समाजाचं जेवण. हे विणकर लोक. गोळीबार चौक, पाचपावली, इतवारी, महाल या भागांत घराघरात माग होते. पुरुष मागावर बसायचे, बायका कांड्या भरायच्या. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, पुढे कापडाचं सगळं गणितच बदलत गेलं. हातमाग मंदावले, तसं अनेक घरांनी ओटीवरच खानावळ मांडली. घरात जे रांधलं जायचं तेच चार बाकं टाकून वाढायला लागले. म्हणून सावजी म्हणजे मुळात घरचं जेवण आहे. दिवसभर बसून पाय मागावर आणि हात धोट्यावर चालवणाऱ्या माणसाचं जेवण. त्यात खसखस, सुकं खोबरं, धने, दगडफूल, काळी मिरी, लवंग, मसाला वेलची, सुंठ असे जिन्नस भाजून वाटलेले असतात. रस्सा दाट करायला ज्वारीचं पीठ लावतात, पूर्वी जवसाचं तेल वापरायचे. दगडफुलाचा तो मातकट, धुरकट वास ज्याला कळला त्याला सावजी कळलं. नुसत्या मिरचीखाली हा वास दबून जातो. जिथं पहिल्या घासाला फक्त जाळ लागतो, तिथं मसाला कमी आणि तिखट जास्त आहे, एवढं समजून घ्या.

तर ह्यांना सावजी जरूर खाऊ द्या, पण दुपारी. रात्री नको. एक प्रसंग सांगते. माझा सातारचा मावसभाऊ काही वर्षांपूर्वी आला होता. कामं उरकत दिवस गेला. रात्री साडेदहाला एका सावजी खानावळीत त्याला घेऊन गेले, पोटभर मटण, वर दोन वाट्या रस्सा, आणि बाराच्या गाडीत बसवून दिलं. पहाटे अकोल्याहून त्याचा फोन आला तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं. खानावळीचं काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती. पाहुण्याला न्यायची वेळ मी चुकवली. तेव्हापासून मी कुणालाही प्रवासाच्या दिवशी सावजी खाऊ देत नाही आणि तुम्हालाही हे अगदी कळकळीनं सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी, साडेबारा-एकला जा. मटण तेव्हा नुकतंच उतरलेलं असतं. पुढे चालायला, पचायला अख्खी संध्याकाळ हाताशी राहते.

कोणत्या खानावळीत जायचं, असं तुम्ही विचारणार. नागपुरात मी एक नाव सांगितलं तर शेजारचा दुसरं सांगेल आणि दोघंही खरे असतील. मी ओळखते कशी, ते सांगते. कामठी रोडवरच्या दिव्यांच्या मोठ्या पाट्या सोडा, जुन्या कोष्टी वस्तीत जा. दाराशी उभं राहून आत बघा. भाकरी आतल्या चुलीवर किंवा शेगडीवर कुणी बाई थापत असेल, बाकांवर दोन-तीन घरं लेकरांसह जेवत असतील, तर आत शिरा. फक्त पुरुषांची टोळकी आणि टेबलाखाली बाटल्या दिसल्या तर मागं फिरा. तुम्ही कुटुंब घेऊन निघाला आहात.

आत गेल्यावर मागवायचं काय? ह्यांच्यासाठी साधं मटण आणि ज्वारीची भाकरी. खूर, सुंदरी, कलेजी ही नावं ऐकू येतील. पित्तवाल्यानं पहिल्या भेटीत त्यांच्या वाटेला जाऊ नये. सुंदरी म्हणजे आतडी, हे आधीच माहीत असलेलं बरं. तुमच्यासाठी पाटवडी रस्सा मागवा. बेसनाच्या थापलेल्या वड्या आणि त्यावर तोच काळा-लाल रस्सा, मटणाशिवाय. मला विचाराल तर सावजी मसाला सगळ्यात स्वच्छ कळतो तो पाटवडीतच. डाळकांदाही छान लागतो. रस्सा सगळीकडे वेगळ्या वाटीत मागा आणि त्यात भाकरी कुस्करू नका, भाकरीचा तुकडा बुडवून खा. तोंड भाजलं तर पाणी पिऊ नका. मिरचीतला तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही. पाण्यानं तो फक्त तोंडभर पसरतो. दही, ताक किंवा कोरड्या भाकरीचा घास, हाच उतारा. पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एक शब्द विचारून घ्या, यात लाजायचं काही नाही.

सासूबाईंना त्या दिवशी खानावळीत नेऊ नका. त्यांना तिथल्या वासानंच अन्न जाणार नाही. सकाळी त्यांचं पोटभर होऊ द्या, दुपारी त्यांना हॉटेलवर गरम वरणभात-तूप मागवा आणि एक जण त्यांच्याजवळ थांबा. मग रात्रीचं जेवण त्यांच्या मर्जीचं. शेफ विष्णू मनोहर यांचं 'विष्णूजी की रसोई' आहे, तिथं वैदर्भी शाकाहारी जेवण एकाच ठिकाणी मिळतं. त्यांच्यासाठी गोळाभात आहे का विचारा. भातात शिजलेले बेसनाचे मऊ गोळे, ते कुस्करायचे आणि वर हिंग-मोहरीची तेलाची फोडणी घ्यायची. दातांचं काही काम नाही. वडाभातही असाच, फक्त त्यातले डाळींचे वडे तळलेले असतात. त्यांना आमची सांबारवडीही चाखवा, पण आतला मऊ भाग, वरचं कुरकुरीत कवच मुलाला.

हे 'सांबार' म्हटल्यावर तुम्ही इडलीबरोबरच्या वाटीची वाट बघाल. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. डिसेंबरात भाजीवाल्यांच्या टोपल्या सांबारानं नुसत्या भरून वाहतात, म्हणून ही वडी याच दिवसांत खावी. पातळ पारीत कोथिंबीर, खोबरं, खसखस यांचं सारण. पुडी बांधल्यासारखी घडी घालतात म्हणून हिला पुडाची वडीही म्हणतात.

दुसरा एक शब्द तुम्हा कोकणच्या लोकांना हमखास फसवतो. तुमच्याकडे सोलं म्हणजे आमसूल. आमच्याकडे सोले म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांचे हिरवे दाणे. कुणी तुम्हाला सोलेभात खायला बोलावलं तर कोकमाचा आंबट भात समजून नाही म्हणू नका! हिवाळ्यातलं नागपूर म्हणजे सोले. सोलेभात, सोले-वांग्याची भाजी, सोल्यांची कचोरी. बाहेर हे सगळं सगळीकडे मिळतंच असं नाही, हे घरचे पदार्थ आहेत. म्हणून लग्नघरी कुणी "या न आमच्याकडे जेवायला" म्हणालं तर ते केवळ तोंडदेखलं नसतं. यादीतली दहा ठिकाणं सोडा, पण ते घर सोडू नका.

लग्नाच्या दिवशी मात्र बाहेरचं काहीच खाऊ नका. पंगतीत किंवा बुफेत आमची डाळभाजी असेल. पालक आणि डाळ एकत्र शिजवून फोडणी दिलेली, साधी, मऊ. विदर्भातल्या लग्नाची ओळख या एका पदार्थात आहे. जोडीला आलू-वांग्याची भाजी, आलूबोंडा, जिलेबी, मठ्ठा. आलूबोंडा म्हणजे तुमचा बटाटेवडा. सासूबाईंना डाळभाजी-भात आणि मठ्ठा वाढा, त्या तृप्त होतील.

तिसरा दिवस मुलाचा. त्याला सदरला डॉली चायवाला बघायचा असणार. २०२४ मध्ये बिल गेट्स यांच्यासोबतच्या व्हिडिओमुळे तो जगभर पोचला. जा, बघा, फोटो काढा. डॉली स्वतः दरवेळी तिथं भेटेलच असं नाही, हे मुलाला आधी सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होणार नाही. त्याच्यासाठी दिनशॉचं आइस्क्रीमही आहेच, ही कंपनी नागपूरचीच, पारशी कुटुंबानं उभी केलेली. थंडीत आइस्क्रीम नको म्हणालात तरी दहा वर्षांचं पोर ऐकणार नाही. संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर फिरून या. कणीस, चहा, पाण्यावरचा वारा पुरे, तिथं जेवणाच्या मागं लागू नका.

वाटेत एखाद्या वस्तीत मटक्यावरची लंबी रोटी करणारी बाई दिसली तर पाच मिनिटं थांबाच. सैल, तारेसारखी ताणली जाणारी कणीक ती एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत जाते. बघता बघता रोटी कोपरापर्यंत लोंबते आणि ती तशीच पालथ्या तापल्या मटक्यावर टाकते. कागदासारखी पातळ. गरम असताना ती सासूबाईसुद्धा खातील, गार झाली की नाही. हे काम बघून माझी छाती आजही अभिमानानं भरून येते. हा हात यायला बायकांची वर्षं जातात आणि त्या दोन-चार पैशांवर रस्त्याकडेला बसतात. घासाघीस करू नका.

ह्यांच्या यादीत मोमिनपुरा असेल. बिर्याणी-कबाबसाठी ते नाव चुकीचं नाही, पण खरी बहर तिथं रमजानच्या रात्रींना असते. दोन दिवसांत सावजी आणि मोमिनपुरा दोन्ही पोटावर घालू नका. एक निवडा आणि पहिल्या खेपेला सावजी निवडा. बिर्याणी तुम्हाला इतर शहरांतही मिळेल.

पिण्याचं थोडक्यात सांगते. पाणी बाटलीबंद किंवा हॉटेलातलं उकळलेलं. ताक जेवणाबरोबर कुठंही. उसाचा रस बर्फाशिवाय. ह्यांना कुणी आग्रहानं पेग दिलाच तर तो सावजीच्या दिवशी नको. मसाला, तेल आणि दारू या तिघांना पित्तवालं पोट एकाच वेळी झेपत नाही. नागपूरहून पुढे सेवाग्राम बघायला जाणार असाल तर वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, सोबत काही नेऊ नका.

आणि टाळायचं काय, तर खर्रा. जेवण झालं की कुणीतरी प्रेमानं पन्नीत घोटलेली पुडी पुढे करेल. सुपारी, तंबाखू, चुना. पान समजून ह्यांनी तो तोंडात टाकू नये, म्हणून आत्ताच सांगून ठेवा. माझ्या काकांचा अर्धा जबडा याच पुडीनं नेला. पाहुण्याला जीव लावणारं हे शहर खर्राही तितक्याच मायेनं देतं, हे मला फार लागतं. सरळ "नाही, आम्ही खात नाही" म्हणा. कुणी रागावत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्या तारखांना विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असण्याची शक्यता आहे. विदर्भ महाराष्ट्रात येण्यासाठी झालेल्या १९५३ च्या नागपूर करारापासून ठरलेली ही गोष्ट, त्या दिवसांत राज्यभरातून माणसं इथं येतात. सिव्हिल लाइन्स, सदर, बर्डीकडची हॉटेलं रात्री आठनंतर भरलेली मिळतील. सासूबाईंना घेऊन रांगेत उभं राहायचं नसेल तर सातलाच जेवायला बसा.

आता घरी काय न्यायचं. संत्री. या महिन्यात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी तयार होणारी संत्री बाजारात असतात. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडून येणारी. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे नावाला भाव आला आणि नावाखाली काहीही विकलंही जाऊ लागलं. रंगावर जाऊ नका, देठापाशी हिरवट असलेलं फळही गोड निघतं. हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानानं जड लागलं तर रस आहे. साल सुटी असावी, पण आत फळ खुळखुळणारं नसावं, ते सुकलेलं असतं. एक सोलून चाखायला मागा, विक्रेता देतो. पिशवी जाळीची किंवा कापडी घ्या, प्लास्टिकमध्ये संत्री घामेजून सडतात. संत्रा बर्फी हवीच असेल तर हल्दीराममधून घ्या. घराणं बिकानेरचं असलं तरी नागपूर त्यांना आपलंच मानतं. डब्यावरची तारीख बघून घ्या आणि ती बर्फी प्रवासात उन्हाच्या खिडकीशी ठेवू नका.

सावजी मसाला इतवारीत पुड्यांत मिळतो. पाव किलोच्या वर घेऊ नका, खोबरं-खसखस असल्यानं तो खवट होतो. चिपळूणला परतल्यावर पहिल्यांदा मटणात नको, आधी पाटवडीवर नाहीतर उकडलेल्या अंड्यांच्या रश्श्यात थोडा घालून बघा. तिखट तुमच्या हातात राहील.

आणि निघायच्या सकाळी बर्डीच्या भाजीवाल्यांकडून दोन किलो तुरीच्या शेंगा घ्या. गाडीत वेळ जाता जात नाही, चौघं मिळून सोलत बसा, सासूबाईंचे हात सगळ्यात भराभर चालतील. दाणे कोरड्या डब्यात ठेवा. घरी पोचलात की तेलात मोहरी, हिंग, हळद, आलं-लसूण, सासूबाईंसाठी लसूण वगळा, त्यात सोले परता, धुतलेले तांदूळ आणि मीठ घाला, दुप्पट गरम पाणी ओता. वरून चिरलेला सांबार आणि लिंबू. बरोबर तुमची सोलकढी करा. दोन्हीकडची सोलं एका ताटात कशी लागतात, ते मला नक्की लिहून कळवा.